जुन्या जीपच्या मागच्या एक्सलमध्ये एलएसडी बसवायची तर: नाशिककरांसाठी पायरीवार माहिती

पावसाळ्यात अंजनेरीच्या कच्च्या वाटेवर मागचं एक चाक चिखलात गरगरतं आणि दगडावर टेकलेलं दुसरं ढिम्म हलत नाही. इंजिनात ताकद असते, गिअर पहिला असतो, तरी गाडी जागची हलत नाही. हा बिघाड नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. घसरणाऱ्या चाकाला जेमतेम जेवढा पेलवतो, तेवढाच पकड असलेल्या चाकालाही मिळतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, ही बरोबरी मोडते.

हे लिखाण स्पायसर ४४ जातीच्या मागच्या एक्सलसाठी आहे. त्याला डाना ४४ असंही म्हणतात, आणि जुन्या विलीज-महिंद्रा घराण्यातल्या बऱ्याच जीपना मागे हाच एक्सल असतो. मागे झाकण असलेल्या, म्हणजे सॅलिसबरी पद्धतीच्या इतर गाड्यांना क्रम हाच लागू पडतो, आकडे मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलचे घ्या. बॅन्जो हाउसिंगमध्ये अख्खा गोळा पुढून बाहेर निघतो आणि काम टेबलावर होतं. ते सोपं आहे, पण वेगळं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. एलएसडी बसवणं म्हणजे खरं तर शिम, म्हणजे जागा जुळवायच्या पातळ चकत्या, मोजणं. बोल्ट कुणीही आवळतो. गाडी नंतर ऐंशीच्या वेगाला कुंईऽऽ करत रडणार की गप्प राहणार, हे मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागावर ठरतं.

१. आधी कोणती एलएसडी ते ठरवा

बाजारात मुख्यतः दोन जाती भेटतील. क्लच-प्लेटची, उदाहरणार्थ पॉवर-लॉक, ट्रॅक-लॉक. आणि हेलिकल गिअरची, उदाहरणार्थ ईटनची ट्रूट्रॅक.

क्लच-प्लेटमध्ये स्प्रिंगचा दाब आधीपासून असतो, त्यामुळे एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला थोडा टॉर्क मिळतो. पण प्लेटा झिजतात आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. हेलिकलमध्ये झिजायला प्लेटा नाहीत, वळणावर कुरकुर नाही, ओल्या डांबरावर ती सौम्य वागते. तिची अडचण अशी की कमी पकडीच्या चाकाला जेवढा टॉर्क मिळतो त्याच्या काही पटच ती दुसऱ्याला देते, आणि शून्याची कितीही पट शून्यच. चाक पूर्ण उचललं गेलं तर डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबावा लागतो, म्हणजे त्या चाकावर थोडा भार येतो आणि गाडी निघते.

रोज शहरात, महिन्यातून एकदा त्र्यंबक किंवा हरिहरच्या पायथ्याशी, असा वापर असेल तर हेलिकलच घ्या. दगडगोट्यांत चाकं उचलणाऱ्यांनी क्लच-प्लेटचा विचार करावा. २०१५च्या थारमध्ये मागे आलेलं लॉकिंग डिफरन्शियल हा तिसराच प्रकार. ते चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतं. दुकानदार एलएसडीला आणि यालाही सर्रास ‘लॉकर’ म्हणतात, तेव्हा पार्टचं पूर्ण नाव विचारा.

२. मागवण्याआधी चार गोष्टी मोजा

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. केस, म्हणजे डिफरन्शियलचं कवच, आली, पण बसत नाही, आणि परत पाठवायचा खर्च मालाइतकाच.

स्प्लाइन: एक्सल शाफ्टचे दाते मोजा. स्पायसर ४४मध्ये १०, १९ आणि ३० असे वेगवेगळे भेटतात. १० दात्यांचा जुना शाफ्ट असेल तर आताच्या बहुतेक केस चालणार नाहीत, शाफ्टही बदलावे लागतील.

रेशो: झाकण काढून क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं लहान) यांचे दाते स्वतः मोजा. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८, हा जुन्या जीपचा ओळखीचा रेशो. एक्सलवरच्या पत्र्याच्या टॅगवर विसंबू नका, चाळीस-पन्नास वर्षांत आतला माल कितीदा बदलला असेल ते त्या पत्र्याला माहीत नसतं. या एक्सलच्या केस दोन प्रकारच्या असतात: ३.७३ आणि त्याखालच्या रेशोसाठी एक, ३.९२ आणि त्यावरच्यासाठी दुसरी. त्यांच्यात क्राऊन बसायच्या फ्लँजची जागा वेगळी असते. चुकीची केस आली तर क्राऊन पिनियनपर्यंत पोचतच नाही, किंवा त्याच्यावर चढतो.

मधला ठोकळा: जुन्या टेपर, म्हणजे टोकाला निमुळत्या, शाफ्टच्या एक्सलमध्ये दोन्ही शाफ्टच्या आतल्या टोकांमध्ये एक थ्रस्ट ब्लॉक असतो. एका बाजूचा धक्का तो दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगला देतो. नव्या एलएसडीत त्याची सोय आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. नसेल तर शाफ्ट आत-बाहेर डुलतील आणि बेअरिंग खातील. अशा वेळी एकसंध फ्लँजचे शाफ्ट आणि स्वतंत्रपणे अडकणारं बेअरिंग असा संच घ्यावा लागतो.

पिनियन: युनिव्हर्सल जॉइंटचा फ्लँज धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवा. तिथे जराही खेळ जाणवला तर आधी पिनियनची बेअरिंग करा. सैल पिनियनवर एलएसडीची मापं घेणं म्हणजे वाळूवर भिंत.

३. कागदपत्रं आणि पार्सल

परदेशातून मागवत असाल तर कुरियर केवायसी मागेल, आधार किंवा पॅन तयार ठेवा. किमतीवर कस्टम ड्युटी आणि जीएसटी लागतो, तो आधीच हिशोबात धरा. बिलावर पार्टचं नाव पूर्ण लिहायला सांगा. एलएसडी हे एका अमली पदार्थाचंही नाव आहे, कस्टमच्या कागदावर नुसती ही तीन अक्षरं पाहून कुणी खोका उघडून बसायला नको.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा रोख आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल अशा बदलांवर आहे. रेशो तोच ठेवून आतली केस बदलली तर आरसीवरचं काही बदलत नाही. तरी विमा कंपनीला एक ईमेल करून ठेवा, उद्या क्लेमच्या वेळी वाद नको. गाडी पन्नास वर्षांपुढची असून २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी करायचा बेत असेल, तर एक्सलला हात लावण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्या. त्या नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते.

४. हत्यारं आणि सामान

डायल गेज आणि चुंबकी स्टँड, ०.०१ मिमीचा. मायक्रोमीटर. डेप्थ गेज. टॉर्क पाना, टेपर हब असेल तर त्याच्या नटाचा टॉर्कही गाठेल असा. साइड बेअरिंग काढायचा पुलर. टेपर शाफ्ट असेल तर हब पुलर. हायड्रोलिक प्रेस. घोड्या (एक्सल टेकवायचे स्टँड) दोन, जाड पायाच्या. नायलॉनची हातोडी. पंच. हाउसिंग स्प्रेडर मिळाला तर उत्तम.

मालात: नवीन साइड बेअरिंग दोन जोड, शिमचा संच, क्राऊनचे नवे बोल्ट, लाल थ्रेडलॉक, दोन्ही बाजूंचे ऑइल सील, झाकणाचं पॅकिंग आणि ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल तीन लिटर. तीन एवढ्यासाठी की काही दिवसांत तेल पुन्हा बदलायचं आहे.

बेअरिंगचा दुसरा जोड ‘सेटअप’साठी. या एक्सलमध्ये शिम बेअरिंगच्या मागे, केसच्या खांद्यावर बसतात. प्रत्येक वेळी शिम बदलायची तर बेअरिंग ओढून काढा, पुन्हा प्रेस करा. असं चार वेळा केलं की नवं बेअरिंग भंगारात जातं. म्हणून दुसऱ्या जोडाचं आतलं भोक हलकेच घासून इतकं सैल करतात की ते हाताने सरकेल. मापं सगळी त्याच्यावर घ्यायची. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या ग्राइंडिंगवाल्याकडे हे अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त त्याला सांगा की ‘हाताने सरकलं पाहिजे, पण डुलता कामा नये’. जुनी बेअरिंग नीट निघाली, तर तीच घासून वापरा.

५. उघडण्याआधी मोजा

इथे घाई करणारा शेवटी रडतो. गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, मागचा एक्सल घोड्यांवर. तेल काढा, झाकण काढा, आतला भाग डिझेलने धुवून पुसा. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे बेअरिंगमध्ये जातात.

डायल गेजची सुई क्राऊनच्या दात्याला काटकोनात टेकवा, पिनियन घट्ट धरा आणि क्राऊन पुढे-मागे हलवून प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, वाचा. चार ठिकाणी मोजा, चारही आकडे लिहा. मग दात्यांना मार्किंग लावा. तयार मार्किंग ब्लू मिळतो. जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून लावतात, मारुतीला लावतात तसाच. त्यात शिसं असू शकतं, हातमोजे घाला आणि चहाआधी हात धुवा. लाकडी ठोकळ्याने क्राऊनला विरोध देत पिनियन फिरवा आणि दात्यांवर उमटलेल्या ठशाचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचा.

हा फोटो आणि ते चार आकडे म्हणजे तुमचं ध्येय. जुना क्राऊन-पिनियन एकमेकांवर घासून जुळलेला आहे. त्याला नव्याचं माप द्यायचं नाही, त्याची जुनी जागा परत द्यायची आहे. प्ले पुस्तकातल्यापेक्षा थोडा जास्त असेल आणि एक्सल आवाज करत नसेल, तर तो तसाच ठेवा. पुस्तकाचा आकडा गाठायला गेलात की शांत एक्सल बोलायला लागतो.

६. जुनी केस बाहेर

टेपर शाफ्ट असेल तर हब पुलरनेच ओढा. टोकावर घण घातला तर धक्का थेट मधल्या थ्रस्ट ब्लॉकवर जातो. ब्रेक प्लेटच्या मागच्या शिम कोणत्या बाजूच्या ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. शाफ्ट ओढून घ्या.

बेअरिंग कॅपना पंचाने खुणा करा: डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन, आणि तेवढेच ठिपके शेजारी हाउसिंगवर. कॅप हाउसिंगसोबतच मशीन केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली किंवा उलट्या बसल्या, तर बेअरिंगचा बाहेरचा कप अंडाकृती दाबला जातो.

केस दोन टॉम्यांनी समान जोर देत बाहेर काढा. स्प्रेडर वापरत असाल तर हाउसिंगला डायल लावून ०.५ मिमीपेक्षा जास्त ताणू नका. त्यापुढे ते परत मूळ मापावर येत नाही. केस जड असते आणि शेवटच्या क्षणी अचानक सुटते, तेव्हा खाली मांडी ठेवून बसू नका.

७. शिमचं गणित

जुन्या केसची बेअरिंग ओढा आणि दोन्ही बाजूंच्या शिम वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक पिशवी ‘पाठ’, म्हणजे क्राऊनच्या पाठीची बाजू, दुसरी ‘दाते’. प्रत्येक गठ्ठा मायक्रोमीटरने मोजा.

आता जुन्या केसवर डेप्थ गेजने दोन मापं घ्या: क्राऊन बसायच्या फ्लँजपासून पाठीच्या बाजूच्या बेअरिंग-खांद्यापर्यंत, आणि त्याच फ्लँजपासून दात्यांच्या बाजूच्या खांद्यापर्यंत. तीच दोन मापं नव्या केसवर. नव्या केसचं पाठीकडचं माप ०.१० मिमी कमी भरलं, तर पाठीकडे ०.१० मिमी शिम जास्त घाला. दात्यांकडचं ०.०५ जास्त भरलं, तर तिथून ०.०५ काढा. एवढं केलं की पहिल्याच जुळणीत तुम्ही लक्ष्याच्या जवळ असता. बरेच जण हे टाळून जुन्या शिम तशाच घालतात आणि मग दिवसभर अंदाजपंचे दाहोदरसे करत बसतात.

क्राऊन नव्या केसवर चढवताना तो ओव्हनमध्ये ८०–९० अंशांपर्यंत गरम करा. गॅसची ज्योत लावू नका, दात्यांचं पाणी उतरतं. दोन लांब स्टड दिशादर्शक म्हणून लावा, क्राऊन टेकला की गार होऊ द्या. बोल्टनी खेचून बसवायचा मोह टाळा. क्राऊन तिरका बसतो आणि नंतर एका फेरीत प्ले कमी-जास्त होत राहतो. बोल्ट समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा. ३/८ इंची बोल्टला शेवटचा टॉर्क साधारण ७० ते ७५ न्यूटन-मीटर. थ्रेडलॉक लावण्याआधी भोकं आणि बोल्ट दोन्ही तेलमुक्त हवेत.

सेटअप बेअरिंग घालून केस हाउसिंगमध्ये ठेवा, कॅप हलक्या आवळा आणि प्ले मोजा. समजा जुना आकडा ०.२० मिमी होता आणि आता ०.३३ दिसतोय. फरक ०.१३. क्राऊन जेवढा सरकतो त्याच्या साधारण दोन-तृतीयांश प्ले बदलतो, म्हणजे क्राऊनला पिनियनकडे ०.२० मिमी ढकलायला हवं. दात्यांच्या बाजूची ०.२० शिम काढा आणि तीच पाठीच्या बाजूला घाला. बेरीज तीच राहिली पाहिजे. नुसती एका बाजूला वाढवाल तर प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब, तोही बदलेल, आणि मग कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

नव्या क्राऊन-पिनियनसाठी प्ले साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी धरतात. जुन्यासाठी तुमची वही. चार ठिकाणच्या आकड्यांत ०.०८ मिमीपेक्षा जास्त तफावत असेल तर शिमला दोष देऊ नका, क्राऊनखाली कचरा किंवा फ्लँजवर ओरखडा शोधा.

प्ले जुळला की प्रीलोड. सेटअप बेअरिंगवर केस आडवी अजिबात हलत नाही, पण घट्टही नाही, ही शून्याची स्थिती. त्यावर स्पायसर ४४ला एकूण ०.३८ मिमी, म्हणजे १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) शिम वाढवण्याची पद्धत आहे. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. ही वाढ दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी, म्हणजे प्ले हलत नाही.

८. शेवटची जुळणी

नवी बेअरिंग प्रेसवर चढवा, दाब फक्त आतल्या रिंगवर. पातळ शिम गठ्ठ्याच्या मध्ये ठेवा. कडेला ठेवल्या तर बेअरिंग चढताना त्या दुमडतात. केस आता घट्ट जाईल. कप सरळ धरून नायलॉनच्या हातोडीने आलटून-पालटून ठोका. सहज हाताने आत गेली, तर प्रीलोड चुकलाय. थांबा, पुन्हा मोजा. कॅपचे बोल्ट ९५ ते १२० न्यूटन-मीटर.

पुन्हा प्ले, पुन्हा मार्किंग, पुन्हा फोटो. जुन्या फोटोशेजारी ठेवून बघा. ठसा दात्याच्या लांबीत, आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकला असेल तर मुख्य प्रश्न प्लेचा आहे, शिम फिरवा. ठसा ठळकपणे उंचीत, म्हणजे शेंड्याकडे किंवा मुळाकडे गेला असेल तर तो पिनियनच्या खोलीचा प्रश्न. तुम्ही पिनियनला हात लावलेला नाही, म्हणजे एकतर पिनियनचं बेअरिंग सैल आहे, नाहीतर आधीचा फोटो वाचण्यात चूक झाली.

शाफ्ट, सील, ड्रम परत. टेपर हबचा नट टॉर्कला आवळल्यावर कॉटर पिनचं भोक जुळलं नाही, तर नट पुढे न्या, मागे कधीच नाही.

क्लच-प्लेटच्या एलएसडीला प्लेटा आधी मॉडिफायर मिसळलेल्या तेलात बुडवा, आणि मॉडिफायरचं प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणे घ्या, साधारण १०० ते १२० मिली पडतं. हेलिकलमध्ये मॉडिफायर घालू नका. तिचं काम घर्षणावरच चालतं. तेल लेव्हलच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

९. पहिली फेरी

मागची दोन्ही चाकं हवेत असताना एक चाक हाताने फिरवा. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं उलटं फिरतं. क्लच-प्लेटच्या एलएसडीत ते त्याच दिशेने येतं किंवा जोराचा विरोध जाणवतो. हेलिकलमध्ये बिनभाराचं चाक उलटं फिरू शकतं, त्यात बिघाड काही नाही.

एकच चाक उचलून, दुसरं जमिनीवर ठेवून इंजिन गिअरमध्ये कधीही टाकू नका. जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून खाली ओढून नेतं. टायरवाला, ब्रेकवाला, पंक्चरवाला, सगळ्यांना हे आधी सांगा. डॅशबोर्डवर एक स्टिकर लावलेला बरा.

क्लच-प्लेटच्या एलएसडीसाठी मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात दहा-बारा फेऱ्या सावकाश मारा, म्हणजे प्लेटांत तेल मुरतं. मग त्र्यंबकपर्यंत जाऊन या. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर होतात आणि मोठा घाट लागत नाही. पोचल्यावर डिफरन्शियलच्या गोळ्याला हात लावून बघा: गरम चालेल, हात टेकवत नसेल इतका तापला तर प्रीलोड जास्त झालाय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज, सोडल्यावर आवाज, की दोन्हीत, हे लिहून ठेवा. कसारा घाट पहिल्याच दिवशी, तोही ओला, नको. एलएसडी असलेल्या गाडीची निसरड्या वळणावर पाय दाबल्यावर दोन्ही मागची चाकं एकदम सुटू शकतात आणि शेपूट बाहेर जातं. ही सवय सपाटीवरच करून घ्या.

सावकाश वळताना टकटक किंवा थरथर आली तर क्लच-प्लेटमध्ये बहुधा मॉडिफायर कमी पडलाय. ८०० किलोमीटरनंतर तेल बदला आणि ड्रेनच्या चुंबकाकडे बघा. राखाडी लगदा चालतो, चमचमते कण किंवा तुकडे नाहीत.

टायरचं एक पथ्य आहे. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. परिघ टेपने मोजा. एक नवा, एक गुळगुळीत असं चालवलंत तर एलएसडी सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहते आणि क्लच-प्लेटा विनाकारण संपतात. वेगळ्या मापाची स्टेपनी मागे लागलीच तर पंक्चरवाल्यापर्यंतच.

जुनी केस तिच्या सन-स्टार पिनियनसकट ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. शिमच्या दोन्ही पिशव्या, ‘पाठ’ आणि ‘दाते’ लिहिलेल्या, तिलाच बांधा, आणि मोजलेल्या आकड्यांच्या पानाची झेरॉक्स आत घाला. गाडी उद्या कुणी मूळ रूपात आणायची म्हणाला, तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.